येणारा वेग, जाणारा वेग

“केबल,” मार्सीने खुणेने सांगितले आणि वडिलांनी मान वर करावी म्हणून टेबलावर थाप मारली.

लीलंड क्राउसने इंटरनेटच्या जाहिरातीच्या कागदावरून नजर उचलली. त्याचे हात म्हणाले, “डीएसएल. फोनच्या तारेवरचं.”

“डॅड, हट्ट सोडा की!”

“केबल अख्ख्या गल्लीत मिळून एक. संध्याकाळी समोरचे हॅरिगन सिनेमे उतरवायला बसले की माझ्या वाट्याला खरकटं. फोनची तार आपली एकट्याची.”

“आणि फोनचं ते जुनं टंकयंत्र सुटत नाही, हे बोला ना!”

“तेही आहे.”

लीलंड जन्मापासून बहिरा. रॉचेस्टरच्या एका वर्तमानपत्रात त्याने जन्मभर शिशाच्या ओळी जुळवल्या होत्या. छापखान्याच्या गदारोळात बहिऱ्या माणसाचे काही बिघडत नसे. मोठा भाऊ ऑरिनही बहिरा, ॲक्रनला मुलीकडे राहणारा. ऐकू येणाऱ्या माणसांपुढे, कळो न कळो, होकारार्थी मान हलवून वेळ मारून नेण्याची कला दोघे निवासी शाळेत एकत्रच शिकले होते. एकमेकांपुढे तशी मान हलवायची नाही, हा करारही तेव्हाचाच.

पुढे फोनला जोडलेल्या टंकयंत्रावर एकमेकांना ओळी पाठवून ते बोलत. आता यकृताच्या आजाराने ऑरिनची बोटे कळांवर टिकत नव्हती. खुणा मात्र अजून जमत होत्या. म्हणून कॅमेरा, म्हणून इंटरनेट. भावाशी उरलेले बोलणे आपल्या भाषेत व्हावे, एवढाच हेतू होता.

चित्र आपल्यापर्यंत किती वेगाने येईल, याची लीलंडने कसून चौकशी केली. डोळ्यांवर जगणाऱ्याने स्वतःला काय दिसेल हे आधी विचारावे, यात नवल नव्हते. डीएसएल बसले.

ऑरिन अगदी स्वच्छ दिसला. उशांना टेकलेला, पिवळा.

“म्हातारा झालास,” ऑरिनचे हात म्हणाले.

“तू आधी आरशात बघ, लिंबा!”

ऑरिन हसला, जरा उशिराने. पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत लीलंडला स्वतःचे हातही दिसत होते. प्रत्येक बोट रेखीव. दर रविवारी तो बोलत राहिला. मार्चमध्ये त्याने विचारले, “ईस्टरपर्यंत दर शुक्रवारी चर्चमध्ये मासळीचं जेवण असतं, ते काम माझ्या गळ्यात आहे. ते उरकून तुला भेटायला आलो तर चालेल ना?”

ऑरिनने मान हलवली.

“नक्की?”

मान पुन्हा हलली. मग निरोप सुरू झाला. बहिऱ्यांचा निरोप दाराशी पोचूनही संपत नाही. तो दिवस मावळेपर्यंत चालला.

ऑरिन ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात गेला.

ॲक्रनला दफनानंतर माणसे रोंडाच्या, म्हणजे ऑरिनच्या मुलीच्या, घरी हॅम आणि बटाटे खाऊन पांगली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे मार्सी येऊ शकली नव्हती. ती रॉचेस्टरला वडिलांच्याच घरी होती. तिथून तिने कॉल लावला. रोंडाने लीलंडला पडद्यासमोर, आपल्या वडिलांच्या खुर्चीत बसवले.

मार्सीचा चेहरा दिसला. तिने हात उचलले, आणि हात नाहीसे झाले. उरले कातडीच्या रंगाचे दोन डाग, थांबत, विरघळत, पुन्हा जमत.

कारण समजायला लीलंडला फार वेळ लागला नाही. रोंडाकडे केबल होती. ॲक्रनहून निघालेले चित्र धडपणे पोचत होते. त्याच्या घरची तार घरात आणायची भरपूर आणि बाहेर न्यायची फार थोडे. कोपऱ्यातली ती रेखीव चौकट तर तारेवरून कधी गेलीच नव्हती. ती कॅमेऱ्यातून थेट त्याच्याच पडद्यावर येत होती.

“नेहमी असंच दिसायचं?” त्याने रोंडाला विचारले.

“हो, अंकल.” तिच्या खुणा सावकाश होत्या. “मी म्हटलं, त्यांना सांगते. डॅडींनी माझा हात धरला. म्हणाले, राहू दे, चेहरा दिसतोय ना त्याचा.”

पडद्यावरचे डाग थांबले. मार्सीने काहीतरी विचारले असावे. भुवया उंचावून ती उत्तराची वाट पाहत होती.

लीलंडने मान हलवली.