धबधब्यामागचं नेचं

उत्तर इंग्लंडातल्या टीसडेलच्या डोंगरात विनिफ्रेड आस्क्विथ सलग तीन उन्हाळे पाठीला रोपं ठेवायचा पत्र्याचा डबा अडकवून हिंडली. कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, पण तिथल्या प्राध्यापकांच्या लेखी ती फुलं गोळा करणारी एक हौशी बाई. इंग्लंडातून नाहीसं झालं असं सगळे म्हणत, ते नेचं तिला दाखवलं हॅना टॅलेंटायरने. शिशाच्या खाणीत नवरा गमावलेली ही म्हातारी मेंढ्या राखायची. धबधब्यामागच्या ओल्या कपारीत बोटाएवढी सतरा रोपं होती.

"माझ्या आईनं दाखवलं होतं मला," हॅना म्हणाली. "पोरी, कुणापाशी बोलू नकोस हं. शहरातली माणसं मुळासकट नेतात नि काचेच्या पेटीत लावतात."

"नाही बोलणार. शब्द देते."

विनिफ्रेडने एकच पान खुडलं. तिचा निबंध वाचून विभागप्रमुख हसले. "पान काय, स्वित्झर्लंडहूनही येतं टपालानं. जागा कुठाय?"

त्याच महिन्यात कॉलेजात तिची कायमची नेमणूक ठरायची होती. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने एक ओळ वाढवली: ओढ्याचं नाव, धबधबा, डावी कपार. निबंध छापून आला, नेमणूकही झाली.

पुढच्या जूनमध्ये ती गेली, तर कपारीत नुसता खरवडलेला दगड. तशीच ती हॅनाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तिघं आले होते," हॅना चहा ओतत म्हणाली. "एकानं तुझं नाव सांगितलं आणि खुरपं मागितलं. म्हटलं, पोरीनं धाडलेला माणूस असेल. दिलं मी."

"चुकलं माझं, हॅना."

"चुकलं खरं."

हॅनाने कप तिच्यापुढे सरकवला. मग विनिफ्रेडने विचारलंच, "दुसरीकडे कुठे असेल का?"

"असेलही. पण तुम्हाला नाही सांगायची आता, बाई."

त्यानंतर तिने एकतीस वर्षं शिकवलं, दोन ग्रंथ लिहिले. दुर्मिळ झाडाची जागा छापू नका, असं ती वर्गातल्या मुलींना बजावायची. मुलींना तो बाईंचा तऱ्हेवाईकपणा वाटे. हॅनाला माफीचं पत्र लिहायला ती अनेकदा बसली. म्हातारीला वाचता येत नाही, ही सबब तिला दर वेळी पुरली. पहिलं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात हॅना गेली, आणि विनिफ्रेडला ते कळलं जूनमध्ये, गावच्या दुकानदाराकडून.