झाकण बरं असलेली बाटली

आमच्या घरात बाटलीवर काय लिहिलंय याला कुणी हिंग लावून विचारत नाही. मी आणि धाकटी जाऊ मागच्या खोलीत फिनेल आणि भांड्यांचा साबण बनवतो. जुन्या बाटल्या आणायच्या, धुवायच्या, भरायच्या. घरातही तेच. शाम्पूच्या बाटलीत तेल, तेलाच्या बाटलीत साबण. झाकण घट्ट बसलं की बाटली चांगली.

फक्त पोरीच्या औषधाला हात लावायचा नाही, असं मी बजावून ठेवलं होतं. गेल्या वर्षी आयबुप्रोफेनच्या एका चमच्यानं तिचे ओठ टम्म सुजले होते. तेव्हापासून तिला फक्त पॅरासिटामॉल.

आज दुपारी ताप चढला, कान ठणकायला लागला. मी तिच्या बाटलीतलं औषध दिलं आणि साबण ढवळायला गेले. परत आले तर अंगभर खाजऱ्या गांधी उठलेल्या, डोळे मिटत आलेले, श्वासाची शिट्टी वाजतेय. दिरानं टेम्पो काढला. जाऊ मागे ड्रमांच्या मधे बसली.

दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं, तेव्हा श्वास मोकळा झाला.

"काय दिलं होतं?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"पॅरासिटामॉल. तेवढंच चालतं तिला."

"मग आता तेही बंद. या वयाला देण्यासारखं फारसं काही उरत नाही हो."

ताप तसाच. मी ओलं फडकं फिरवतेय आणि पोरगी म्हणतेय, "आई, कान काढून टाक."

"खाली एवढं मोठं औषधांचं दुकान मांडलंय," मी म्हणाले, "त्यात माझ्या पोरीपुरतं काही नाही?"

जाऊ भिंतीला टेकून पर्सचा पट्टा पिळत होती.

"ताई, ती बाटली..."

"कुठली?"

"आमच्या पोराच्या दाढेचं औषध होतं ना, त्याचं झाकण तडकलं. तुमच्या बाटलीत तळाशीच राहिलं होतं. ते मी फेकून दिलं आणि त्याचं औषध त्यात ओतून ठेवलं."

"कुठलं औषध?"

डॉक्टर बाईंनीच नाव घेतलं, "आयबुप्रोफेन?" तिनं मान हलवली.

"इतका वेळ तोंडात काय साबण धरला होतास?"

"श्वास आला ना तिला. म्हटलं, आता कशाला सांगा. घराबाहेर काढाल मला."

"पोरगी कान काढून टाक म्हणतेय आणि तुला घराची पडलीय."

आणखीही बरंच बोलले. सगळा वॉर्ड ऐकत होता, ऐकू दे.

नर्सनं पॅरासिटामॉल आणलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आधी थोडंच देऊ, मी इथेच थांबते."

"सील माझ्यासमोर तोडा."

"नवीनच आहे हो."

"असू दे. तोडा."

चमचा मी पुढे केला. पोरीनं ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"घे गं माझी बाय. यानं कानाचा ठणका थांबेल."

"नको. तू दिलंस की श्वास जातो."

जाऊ पुढे झाली. "मी देऊ का, ताई?"

मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती मागे सरली. सुजल्या डोळ्यांच्या फटीतून पोरगी माझ्या हाताकडे बघत होती.