क्रम बदलायचा राहिला

दादाच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचेल, आवाज जाईल. म्हणून त्याने आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसून बोलून ठेवलं. वहिनीला चिडवलेलं, लेकीला मारलेल्या हाका, माझ्या टकलावरचे विनोद. ऑपरेशननंतर तो पाटीवर लिहून बोलायला लागला.

चार महिन्यांनी तो कॉम्प्युटर रडतखडत चालू लागला. दुरुस्ती हा माझा धंदा, दादानेच शिकवलेला. मी रेकॉर्डिंग माझ्या डिस्कवर काढून घेतली, चालू होताना मशीनने आधी पेनड्राइव्ह वाचावा असा क्रम लावला आणि नवी सिस्टिम टाकली. माझा पेनड्राइव्ह काही विचारत बसत नाही. त्याच्यावरून मशीन सुरू झालं की डिस्क पुसून सगळं आपोआप बसवतो. म्हणून काम झालं की तो काढायचा आणि क्रम बदलून डिस्क पहिली करायची.

पेनड्राइव्ह काढला, रेकॉर्डिंग माझ्या डिस्कवरून परत मशीनमध्ये टाकली. क्रम नंतर बदलू म्हटलं. तेवढ्यात स्पीकर चालेनात, म्हणून त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, घ्यायला पेनड्राइव्ह पुन्हा लावला. दादाचा आवाज घरभर घुमला. वहिनी पदराने डोळे पुसत हसली. मी त्याच आनंदात निघालो आणि संध्याकाळी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी माझी डिस्क रिकामी करून पुन्हा काठोकाठ भरली.

सकाळी वहिनीचा फोन आला. "भाऊजी, चालू केला तर आपोआपच काहीतरी चाललंय. साठ टक्के झालं म्हणतोय."

"बटण दाबून बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

तीन दिवस दोन्ही डिस्क खरवडल्या. फायलींची नावं सापडली, आत नुसती खरखर.

दादासमोर सगळं कबूल केलं, पेनड्राइव्ह मशीनलाच विसरल्याचंही. त्याने पाटीवर लिहिलं, 'क्रम बदलला नव्हतास?' मी नाही म्हणून मान हलवली. त्याने पाटी पुसली, खडू ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

"वहिनी, मी पुन्हा एकदा प्रयत्न करून..."

"बोलू नका." तिने दाराची कडी काढली. "तुमचा आवाज अगदी त्यांच्यासारखा आहे, भाऊजी. मला ऐकवत नाही."

आता मी महिन्यातून एकदा जातो. दादाजवळ तासभर बसतो. वहिनी घरात असेपर्यंत तोंड उघडत नाही.