थोरल्याला उडवा

योरुबा मुलखातल्या इबादान शहराच्या मोकोला भागात डेकोलाचं संगणकाचं दुकान होतं आणि दुकानापेक्षा त्याचा तोरा मोठा होता. "बिघडलेलं यंत्र मला बघूनच सुधारतं," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाइकं बिचारी मान डोलवायची.

टायपिंगला त्याच्याकडे एक बाई होत्या, त्याच्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या. मुलगी दुन्नी, म्हणून सगळी गल्ली त्यांना इया दुन्नी, म्हणजे दुन्नीची आई, म्हणायची. कामाला चोख, बोलायला कमी. डेकोलाला त्या ओगा, म्हणजे मालक, म्हणायच्या. चर्चचे गायनमास्तर बाबा ओयेलारन एक्याऐंशीचे झाले होते. त्यांनी रचलेली भजनं कुठेच लिहिलेली नव्हती. ते गाऊन दाखवत आणि बाई चाल, शब्द, अक्षरांवरची चिन्हं असं सगळं संगणकात उतरवत. वर्षभरात दोनशे चौदा भजनं झाली.

भजनं लिहायचं ॲप मोठं विचित्र होतं. सगळी भजनं ते स्वतःच्याच फोल्डरच्या पोटात ठेवायचं, आणि हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यात डेकोलाने जुनं न काढताच नवं टाकलेलं, आणि बॅकअप ड्राइव्हवरही दोघांच्या कॉपी. भजन उघडायला जावं तर ड्राइव्हवरचं जुनंच ॲप उठून बसायचं. वैतागून त्याने दोघांना जुळ्यांची नावं दिली. आधी आलेलं जुनं ते ताइवो, मागून आलेलं नवं ते केहिंदे. भजनं सगळी केहिंदेत होती.

एका शनिवारी तो मेहुण्याच्या लग्नात जोलोफ भातावर ताव मारत असताना बाईंचा फोन आला.

"ओगा, पुन्हा भलतंच उघडतंय. काय करू?"

"थोरल्याला उडवा. संगणकावरून, ड्राइव्हवरून, दोन्हीकडून. रिसायकल बिनसुद्धा रिकामं करा."

"थोरल्याला? नक्की?"

"थोरल्याला, थोरल्याला! आता काय ढोल वाजवून सांगू?"

पलीकडून "बरं" आलं आणि तो पुन्हा ताटाकडे वळला.

सोमवारी बाबा ओयेलारन छापील प्रती घ्यायला आले. डेकोलाने ऐटीत संगणक उघडला. केहिंदे कुठेच नव्हता. ताइवो मात्र दोन्हीकडे ठणठणीत होता, आणि रिकामा.

"हे काय करून ठेवलंत, बाई? जुनं उडवायचं सोडून नवं उडवलंत? मास्तरांचं वर्ष मातीत घातलंत!"

"ओगा, तुम्ही थोरला म्हणालात," बाई म्हणाल्या. "थोरला केहिंदेच की. जग कसं आहे ते बघून ये म्हणून धाकट्या ताइवोला पुढे धाडतो आणि आपण मागून येतो. शेंबड्या पोराला विचारा."

खरंच होतं. कुठल्या योरुबा घरात ताइवो थोरला असतो? आपला शब्दही डेकोलाला आठवला आणि बाईंचं "नक्की?"सुद्धा. चूक माझी, एवढं म्हणायचं होतं. पण मास्तर बघत होते.

"थोरला म्हटलंच नाही मी," तो म्हणाला. "जुना म्हटलं होतं. तुम्ही नीट ऐकलं नाहीत."

बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग पर्स उचलली, मास्तरांपुढे रीतीप्रमाणे गुडघे टेकले आणि निघून गेल्या.

"कान गेले असतील बिचारीचे," मास्तर खुर्चीत बसत म्हणाले.

पुढचे तीन दिवस डेकोलाने माहीत होते तेवढे उपाय करून पाहिले. भजनांची नावं परत आली, आत काही नाही. पण त्याला जाळत होतं ते दुसरंच. आईच्या वयाच्या बाईला त्याने तोंडावर खोटं पाडलं होतं. लाजेने त्याला आरशात बघवेना. त्यातच कोपऱ्यावरची मिरचीवाली म्हणाली, "त्या बहिऱ्या बाईला काढलंस म्हणे? बरं केलंस. आता कोण ठेवतंय तिला कामावर!"

तो तसाच इया दुन्नींच्या घरी गेला. बाई अंगणात अकारा वड्यांसाठी भिजलेल्या चवळीची सालं काढत बसल्या होत्या. तो धुळीत पालथा पडला, कपाळ जमिनीला टेकवून.

"इया, मी खोटं बोललो. तुम्ही बरोबर ऐकलं होतंत."

"ऊठ," बाईंनी हात थांबवला नाही. आज त्या ओगा म्हणाल्या नाहीत. "इथे कोण आहे बघायला? मी आणि ही चवळी. मला खोटी पाडलीस ती कुणासमोर? तिथे जाऊन लोळ."

त्या दिवशी पाच वाजता चर्चमध्ये गाण्याची तालीम होती. तीस गायकांसमोर, त्यांत इया दुन्नीही होत्या, डेकोला फरशीवर पालथा पडला आणि मोठ्याने सगळं बोलला: थोरला मीच म्हणालो, बाईंनी 'नक्की?' असं विचारलंही, भजनं माझ्यामुळे गेली, आणि वर मी खोटंही बोललो.

मास्तर त्याच्या शेजारून पुढे गेले आणि इया दुन्नींसमोर उभे राहिले. त्यांनी टोपी काढली.

"बाई, तुमचे कान गेले म्हणालो मी. माफ करा."

"असू दे, बाबा. गा तुम्ही. मी वहीत लिहिते."

मास्तरांनी डोळे मिटून पहिलं भजन सुरू केलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मग ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून आले आणि पुन्हा तिथेच थांबले. बाई पेन धरून वाट बघत राहिल्या. "आठवेल," मास्तर हळूच म्हणाले, "आठवेल."

डेकोलाला ऊठ म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्यालाही उठवेना.