नादशुद्धीची पेटी आणि व्हय म्हाराजा

आचऱ्यात आमच्या वाडीच्या देवळाच्या मंडपात त्या दिवशी एवढी दाटी होती, की चपला ठेवायलाही जागा नव्हती. मधोमध स्टुलावर माझ्या पुतण्याचा, नितेशचा लॅपटॉप. शेजारी लाल कापडावर काडेपेटीहून थोडी मोठी काळी पेटी. आणि मागे रेशमी झब्ब्यातले ओंकारबुवा, स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे नादयोगी.

पेटी म्हणजे लॅपटॉपला बाहेरून लावायचं साउंड कार्ड. हेडफोनची पिन लॅपटॉपात न खुपसता तिच्यात खुपसायची, एवढंच. पण बुवा तिला 'नादशुद्धी' म्हणत आणि वायर जोडण्याआधी उदबत्ती ओवाळत.

"लॅपटॉपमधला नाद मृत असतो," बुवा सांगत होते. "आकडे, नुसते आकडे! ही पेटी त्यात प्राण फुंकते. हिच्यातली तार हिमालयात गाईच्या तुपात मुरवलेली आहे."

तारेला लोणच्यासारखं मुरवतात हे मला या वयात प्रथमच कळलं.

बुवा परगावचे, पण हुशार. आमची एक रीत त्यांनी बरोबर हेरली होती. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालताना एक जण मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. 'नाय म्हाराजा' म्हणायची त्यात सोयच नाही. बुवा कुणाच्या तरी कानावर हेडफोन चढवीत, पिन आधी लॅपटॉपात घालत, मग पेटीत, आणि हात उंचावून गाऱ्हाण्याच्या चालीत म्हणत, "आवाज सोन्यासारखो झालो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ज्यांच्या कानाला काहीच लागलेलं नव्हतं तेही गरजत. मग हेडफोनवाल्याची काय बिशाद नाही म्हणायची? कल्ला उघडून बघितल्याशिवाय बांगडा न घेणारी हौसाबाईसुद्धा व्हय म्हणून उठली.

मी हसले असते, पण पुढचा नंबर माझ्या धाकट्या जावेचा, पार्वतीचा होता.

पार्वतीचा नवरा, माझा दीर लवू, दशावतारात राजाचं काम करायचा. तो गेल्यावर त्याच्या आवाजाची एकच कॅसेट घरात उरली आहे. त्यांच्या मुलाने, नितेशने ती लॅपटॉपात उतरवून घेतली होती, पण ऐकताना मागे सारखी खरखर. ती घालवायला तो चांगलं साउंड कार्ड शोधत होता, आणि त्याला भेटले ते हे बुवा. पेटी विकत घेऊन लावली की खरखर जाईल म्हणाले. मात्र अट अशी, की जुनी कॅसेट त्याच संध्याकाळी खाडीत सोडायची आणि लॅपटॉपातली नक्कल पुसायची. मृत नाद घरात राहिला की पेटीचा गुण उतरतो. नवी, शुद्ध प्रत बुवा देणार. मूळच उरलं नाही, तर माणूस ताडून बघणार कशाशी?

पार्वतीने हेडफोन लावले. बुवांनी पिन पेटीत घातली आणि तिचे डोळे भरले.

"माई, ह्येंचो आवाज जवळ इल्यासारखो वाटता गो," ती मला म्हणाली. कॅसेट तिच्या मांडीवर होती, प्लास्टिकच्या पिशवीत, विसर्जनाला तयार.

तेव्हा मला आठवला माझ्या लहानपणीच्या जत्रेतला ग्रामोफोनवाला. तो 'सोन्याची सुई' विकायचा. साधी सुई लावली की कर्णा देवळाच्या भिंतीकडे वळवायचा, सोन्याची लावली की लोकांकडे. माझ्या वडिलांनी ती सुई घेतली होती. आमच्या घरी कर्णा लोकांकडेच असे, त्यामुळे सुईचं सोनं तिथे काही दिसेना. तशी काही खूण इथे आहे का, म्हणून मी बुवांचे हात बघू लागले. पेटीला बारीक चाक होतं. पिन घालताना बुवांची करंगळी ते हळूच पुढे सरकवत होती.

शेजारी हायस्कुलात विज्ञान शिकवणारी शर्मिष्ठा बसली होती. तिच्या कानात सांगितलं. ती उठली आणि म्हणाली, "बुवा, या वेळी पिन मी बदलते."

"त्याला दीक्षा लागते, बाई."

"पिन खुपसूक कसली दीक्षा?" मी म्हटलं. "पोरां मोबाईल चार्जिंगक लावतत, ती काय अनुग्रह घेवन?"

मंडप हसला, आणि हसणाऱ्या लोकांपुढे बुवांना नाही म्हणता येईना.

शर्मिष्ठाने लाल कापड लॅपटॉप आणि पेटी दोन्हींवर पसरलं. पार्वतीला आवाज ऐकवला. मग कापडाखाली खुडबुड करून पुन्हा ऐकवला.

"काकी, पेटी खंयच्या वेळाक होती?"

"दुसऱ्या," पार्वती लगेच म्हणाली. "दुसऱ्या वेळाक ह्ये जवळ इले."

"व्हय म्हाराजा!" लोक सवयीने गरजले. सगळ्यांत मोठा आवाज बुवांचाच.

शर्मिष्ठाने कापड उचललं. पिन लॅपटॉपात होती. पेटी बाजूला पडलेली, तिची वायरसुद्धा काढून ठेवलेली. दोन्ही वेळा लॅपटॉपच वाजला होता. दुसऱ्या वेळी तिने आवाज फक्त जरासा वाढवला होता.

"आवाज थोडा मोठा झाला की कानाला तो स्वच्छ आणि जवळचा वाटतो," ती म्हणाली. "सगळ्यांच्याच कानांना. यात काकींची चूक नाही. बुवा पेटीवर आवाज वाढवतात आणि श्रेय तुपाला देतात."

"शंका आली की नाद पळतो," बुवा पुटपुटले.

"नाद आसा थंयच आसा," हौसाबाई म्हणाली. "तुमीच बघा खंय जातास ता."

बुवांनी पेटी झब्ब्यात घातली आणि वाट धरली. उदबत्ती मात्र तिथेच जळत राहिली.

नितेशचा चेहरा पडला होता. शर्मिष्ठाने त्याला समजावलं की साउंड कार्ड ही काही लबाडीची वस्तू नव्हे. लॅपटॉपच्या पिनेतूनच गुणगुण येत असेल, किंवा मोठ्या हेडफोनला आवाज पुरत नसेल, तर एखादं साधं कार्ड जरूर घ्यावं. पण जी खरखर कॅसेटमध्येच आहे, ती कुठलंही कार्ड कशी काढणार?

पार्वतीने हेडफोन काढले नव्हते. बुवा गेल्यावर ती पहिल्यांदाच नुसतं ऐकत होती. एकदम तिने नितेशचा हात धरला.

"खरखर नाय ती, झिला. बत्ती ती. नाटकात गॅसबत्ती टांगलेली असायची मां, तिचो आवाज. तुझो बापूस तिच्याखालीच उभो ऱ्हवायचो."

मीही ऐकलं. खरंच, बत्तीच होती. ती सूं सूं मी कितीदा ऐकली होती, आणि विसरूनही गेले होते.

कॅसेट पार्वतीच्या कपाटात परत गेली आहे. तुम्ही असली पेटी घ्यायला जाल, तेव्हा दोन्हीकडचा आवाज सारखा करा, डोळे मिटा आणि पिन दुसऱ्याला बदलायला सांगा. फरक कळला तर खुशाल घ्या. नाही कळला तर तसं मोकळेपणाने म्हणा, भोवती सगळा गाव 'व्हय' म्हणत असला तरी. देवासमोर व्हय म्हणायला माझी हरकत नाही. तो निदान काही विकत नाही.