उलट्या बाजूचा खटका

"पोरी, ह्याला एकट्याला मशीनवर सोडू नको. दुसरं माणूस पायजे, नुसतं बसायला का हुईना," चंद्रप्पा मामा म्हणाले होते. मी तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी, नांदेडला निघालेली. मी हसून म्हणाले, "मामा, ते काय लेकरू आहेत?"

मामा आमच्या लातूरच्या शेडमध्ये लेथ चालवायचे. पुढं गुडघ्यांनी साथ सोडली आणि ते लेकीकडं उदगीरला गेले. शेडमध्ये माझे यजमान, वीरभद्र, एकटेच उरले.

ते घडीचे चाकू करतात, गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापानं. आधी कॉम्प्युटरवर चित्र, मग मिलिंग मशीनवर पोलाद कापायचं. शेवटचं काम मात्र हाताचं: खटका. उघडलेलं पातं अडवून धरणारी ती पट्टी. अंगठ्यानं बाजूला सारली की पातं मिटतं. तिला कानस मारायची, स्वतःच्या अंगठ्यानं दाबून बघायचं, पुन्हा कानस. दिवसभर टक, टक. लग्नानंतर मी शेजारी स्टुलावर बसून एमएस्सीचं वाचायची आणि आवाजावरूनच सांगायची, "अजून घट्ट आहे."

"कान हाय का मायक्रोमीटर?" ते म्हणायचे.

आता आमचा शिवांश आठ महिन्यांचा आहे. त्याची छाती घरघरते. डॉक्टर म्हणाले, हा हिवाळा जाईपर्यंत धुळीत नेऊ नका. आणि आमची खोली तर शेडच्या माळ्यावरच. वीरभद्र दर महिन्याला यायचे. गेले दोन महिने आले नाहीत. "ऑर्डरी लई हायेत गं." व्हिडिओवर नुसता चेहरा दिसतो. मी त्यांच्या मागची भिंतही वाचते. कॅलेंडरचं पान ऑगस्टवरच थांबलंय.

मंगळवारी मुखेडहून माझा चुलतभाऊ बजरंग आला. तो मोसंबीची कलमं बांधतो. वीरभद्रनी करून पाठवलेला नवा चाकू माझ्यापुढं टाकून म्हणाला, "ताई, दाजी ध्यान कुठं ठेवून राहिले? खटका उलट्या बाजूला हाय! मी काय डावरा हाय का?"

"बायको इथं, मग ध्यान तिथं कसं राहील?" आई आतून म्हणाली. दोघं हसले.

मी चाकू उजव्या हातात धरला. अंगठ्याला खटका सापडेना. डाव्या हातात घेतला, उघडला, मिटला. कुठं अडलं नाही. इतका नेमका बसलेला खटका चुकून होत नाही. तो डाव्या अंगठ्यानं दाबून दाबून जुळवलेला होता. आणि वीरभद्र तर उजव्या हातानं काम करतात.

लगेच व्हिडिओ कॉल लावला. "अहो, उजवा हात दाखवा."

"काय येड्यावाणी! बाळ कसंय?"

"आधी हात."

"ग्रीस लागलंय गं."

"ग्रीसचाच दाखवा."

"तू स्टुलावर नसलीस की मशीनचा आवाजसुद्धा रिकामा वाटतो बघ," ते म्हणाले, आणि फोन कट झाला. मागून मेसेज: रेंज नाही.

शिवांशला कालपासून पुन्हा वाफ द्यावी लागतेय, मला हलता येत नाही. बजरंगला धाडलं तर घरचा माणूस बघून ते आधीच सावध होतील.

तुमच्यापैकी कुणी लातूरला असाल तर एमआयडीसीत जा. निळ्या पत्र्याचं शेड, दारात शेवगा. माझं नाव घेऊ नका. चाकू बघायचाय एवढंच म्हणा. आमच्याकडं गिऱ्हाइकाला कुणी डाव्या हातानं वस्तू देत नाही. ते कुठल्या हातानं देतात, तेवढं बघा. आणि मला खरं ते कळवा.