मी वाजले आणि पूल गेला

मी घंटी बोलतेय. शाळेतली नव्हे, सायकलवरचीही नव्हे. नगरपालिकेच्या सभागृहात अध्यक्षांच्या टेबलावर, पाण्याच्या पेल्याशेजारी बसलेली असते ना, ती मी. पालथ्या वाटीएवढी, पितळेची, डोक्यावर एक बारीक कळ. कळ दाबली की 'टण्ण' म्हणायचं, एवढीच माझी भाषा. आज मात्र जरा ऐसपैस बोलणार आहे, कारण मला काही जणांचे आभार मानायचे आहेत आणि एक चूक कबूल करायची आहे. चुकीचं नंतर सांगते. आधी आभारांचं बरं असतं, ऐकणारा उठून जात नाही.

पहिले आभार मला घडवणाऱ्या कारागिराचे. त्या दिवशी त्याने माझ्यासारख्या आठ घंट्या ओतल्या होत्या. एकेकीवर टिचकी मारून तो कान देऊन ऐकायचा. दोघी भंगाराच्या टोपलीत गेल्या. माझी पाळी आली तेव्हा माझा आवाज चिरका निघाला. त्याचा मदतनीस मला उचलायला आलाच होता, पण कारागीर म्हणाला, "थांब रे. हिचा गळा चांगला आहे, नुसता खोकला झालाय." मग त्याने माझी कड कानशीने घासली, पुन्हा वाजवली, पुन्हा घासली. जेवणाची सुट्टी गेली त्याची माझ्यापायी. तो खोकला काही पुन्हा आला नाही.

तिथून मी एका लॉजच्या काउंटरवर गेले. बावीस वर्षं होते तिथे. माणूस कसा आहे हे त्याच्या बोटावरून कळतं, हे मी तिथे शिकले. लांबून दमून आलेला माणूस मला हळूच दाबायचा, जणू आपण कुणाची झोपमोड करतोय. ज्याचं घरी कोणी ऐकत नसे, तो इथे येऊन चारचारदा बडवायचा. लॉजच्या मालकीणबाई आतून चपला फटफट वाजवत यायच्या आणि दोघांनाही सारखंच हसून "या" म्हणायच्या. पुढे गावाबाहेरून मोठा रस्ता झाला, मुक्कामाला कोणी थांबेना, लॉज बंद पडलं. खुर्च्या गेल्या, पलंग गेले. मला मात्र मालकीणबाईंनी पदराने पुसलं आणि स्वतः नगरपालिकेत आणून दिलं. "हिला माणसांची सवय आहे, कपाटात टाकू नका," एवढंच बजावून त्या गेल्या. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही.

नगरपालिकेचं सभागृह म्हणजे एक लांबट खोली. मध्ये घोड्याच्या नालासारखं मांडलेलं टेबल, भोवती सतरा खुर्च्या, भिंतीला लागून लोकांसाठी एक बाक. त्या बाकावर कोणीही येऊन बसावं, ऐकावं. बोलायचं मात्र नाही. अध्यक्षांच्या डाव्या हाताला एक छोटं टेबल आणि तिथे लेखनिक बाई. सभेत कोण काय म्हणालं, काय ठरलं, ते लिहून घेणं त्यांचं काम. एकोणीस वर्षं त्या तिथे बसत होत्या आणि एकोणीस वर्षांत सभेत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. लेखनिकाने सभेत बोलायचं नाही असा कुठे लिहिलेला नियम नव्हता, पण बोलतही कोणी नसे. आणि एक शिपाई मामा. दर शनिवारी ते मला राख आणि लिंबाची फोड लावून लख्ख करायचे. मला ते 'बाईसाहेब' म्हणायचे. इतका मान मला दुसऱ्या कोणी दिला नाही.

आमचे अध्यक्ष पूर्वी मालगाडीवर गार्ड होते. वेळेचे भारी पक्के. सभा तीनला सुरू झाली पाहिजे आणि साडेचारला संपलीच पाहिजे. विषयपत्रिकेवर तीस-तीस विषय असायचे. कुठे दिव्याचे खांब, कुठे तुंबलेलं गटार, कुत्र्यांना लस, बागेतल्या बाकांना रंग, कुणाची रजा. अध्यक्ष एका दमात विषय वाचायचे, मला दाबायचे आणि सगळे एका सुरात म्हणायचे, "मंजूर." सुरुवातीला वाचन आणि घंटी यांच्या मध्ये थोडी चर्चा व्हायची. कोणी शंका काढायचं, कोणी टेबलावर हात आपटायचं. मग ती चर्चा झिजत झिजत नाहीशीच झाली. टण्ण, मंजूर. टण्ण, मंजूर. उचलली जीभ लावली टाळ्याला. मलाही त्यात गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू? माझ्या एका शब्दावर सतरा शहाणी माणसं बोलतात म्हटल्यावर कोणीही फुगेल.

सभेतली पहिली बाब नेहमीची: मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. म्हणजे मागच्या वेळी जे ठरलं ते सगळ्यांना वाचून दाखवायचं, चूक असेल तर दुरुस्त करायची आणि मगच त्यावर सही व्हायची. एकदा सही झाली की ते पक्कं. पण आमच्याकडे ते वाचायचं कोण? "वाचलं असं समजू या," अध्यक्ष म्हणायचे. टण्ण. मंजूर.

आता चुकीकडे वळते.

कालव्यावर एक जुना लाकडी पूल आहे, पायी चालणाऱ्यांसाठी. कालव्याच्या पलीकडे एक शिवणकाम करणारी सून राहते. तिचे सासरे गावातले जुने सुतार. वर्षभरापूर्वी त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सून रोज त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून पुलावरून इकडे दवाखान्यात व्यायामाला आणायची. पुलावरून दहा मिनिटांची वाट. पूल नसेल तर मोठ्या रस्त्याने तासभर, तेही ट्रकांच्या गर्दीतून खुर्ची ढकलत. पुलाच्या काही फळ्या कुजल्या होत्या, म्हणून तिने दुरुस्तीसाठी अर्ज केला. बांधकाम खात्याने अर्जावर दोन वाटा सुचवल्या आणि विषय सभेपुढे आला.

त्या दिवशी सून बाकावर येऊन बसली होती. मांडीवर अर्जाची प्रत, घडी घालून घालून मऊ झालेली. अकरावा विषय आला. कागदावर होतं, "कालव्यावरील जुना लाकडी पूल पाडणे किंवा त्याची दुरुस्ती करणे, या दोन पर्यायांवर चर्चा करून निर्णय घेणे." अध्यक्षांनी वाचायला घेतलं, "कालव्यावरील जुना लाकडी पूल पाडणे," आणि तेवढ्यात त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. तो सावरायला हात पुढे आला आणि माझ्यावर पडला.

टण्ण.

"मंजूर," सतरा तोंडं म्हणाली. उरलेला विषय कागदावरच राहिला. आणि मंजूर ऐकल्यावर पुढचा विषय घ्यायचा ही सवय अध्यक्षांच्याही हाडात भिनलेली, त्यामुळे चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत ते बाराव्या विषयावर पोचले होते. बागेला पाणी घालायच्या रबरी नळीवर.

बाकावरच्या सुनेला वाटलं, आपला अर्ज मंजूर झाला. तिने सगळ्यांकडे बघून हात जोडले आणि दाराचा आवाज न करता निघून गेली. लेखनिक बाईंनी तिला जाताना पाहिलं. त्यांचं पेन हवेतच थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्षांना काही आठवत नव्हतं. तीस विषयांतला एक, कुणाच्या लक्षात राहणार? "सभेत मंजूर म्हणाले ना सगळे? मग तसंच लिहा बाई. मंजूर ते मंजूर," ते म्हणाले. बाईंनी लिहिलं, "पूल पाडण्यास सर्वानुमते मंजुरी." पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं की दुसऱ्याच दिवशी काम सुरू, असं बांधकाम खात्याने ठरवूनही टाकलं.

दोन आठवड्यांनी सून कचेरीच्या खिडकीशी आली. फळ्या बदलायला सुतार कधी येणार, एवढंच तिला विचारायचं होतं. सभागृहाचं दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. ती आनंदात होती. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय, अजून तीन महिने एकही दिवस चुकवायचा नाही, असं ती सांगत होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काल मामंजींनी मला हाक मारली. सूनबाई म्हणाले. वर्षाने ऐकलं हो मी ते." "पुढच्या सभेनंतर कळवते," एवढंच म्हणून लेखनिक बाईंनी खिडकी लोटून घेतली.

ती गेल्यावर बाई रिकाम्या सभागृहात आल्या आणि आपल्या जागेवर बसून राहिल्या. समोर मी. मी आतून पोकळ आहे, तिथे अपराधही मावतो. चष्मा अध्यक्षांचा घसरला हे खरं, पण वाजले ती मीच.

मग पुढची सभा आली. तीनच्या ठोक्याला अध्यक्ष बसले. पहिली बाब. "मागील सभेचं इतिवृत्त वाचलं असं समजून कायम करू या," ते म्हणाले आणि त्यांचा हात माझ्याकडे निघाला. मी वाजले की संपलं, हे मला ठाऊक होतं. मला वाजायचं नव्हतं. पण आमच्या हातात काय असतं?

तेवढ्यात माझ्यावर एक तळहात आला. उबदार, बोटांवर शाईचे डाग. लेखनिक बाई आपल्या टेबलामागून उठून आल्या होत्या आणि त्यांनी मला अख्खं झाकून टाकलं होतं.

"समजू नका साहेब," त्या म्हणाल्या. "वाचते मी."

शिपाई मामा चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकले. अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी हात मागे घेतला. बाईंनी वाचायला सुरुवात केली. एक हात वहीवर, दुसरा माझ्यावरच. अकराव्या ठरावाशी आल्या तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला.

"पूल पाडायचा? हे कधी ठरवलं आपण?" औषधाचं दुकान असलेले सदस्य म्हणाले.

"मागच्या महिन्यात साहेब. याच टेबलावर. सगळ्यांनी मिळून."

मग बाईंनी मूळ विषयपत्रिका काढली आणि न वाचला गेलेला अर्धा विषय वाचून दाखवला. चष्म्याचंही सांगितलं. बाकावर बसलेली सून, तिने जोडलेले हात, तिचे सासरे, तीन महिन्यांचा व्यायाम, सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांचं साठलेलं बोलणं होतं ते, पण एक शब्द जास्तीचा नव्हता. एकाने आपण त्या दिवशी मंजूर म्हणालोच नव्हतो असं सांगून पाहिलं. शेजारच्याने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो गप्प झाला. बाकीच्यांना छतावरचा पंखा एकाएकी फार बघण्यासारखा वाटू लागला.

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता बाईंची धडगत नाही.

"तीस वर्षं गार्ड होतो मी," ते म्हणाले. "मागची गाडी नीट बघितल्याशिवाय कधी हिरवा झेंडा दाखवला नाही. आणि इथे दर सभेत दाखवतोय." मग त्यांनी अकरावा ठराव दुरुस्तीसाठी पुन्हा चर्चेला घेतला. तासभर वादावादी झाली. कुणाला नवा पूल हवा होता, कुणाला जुनाच, औषधवाल्यांनी तर कागदावर पुलाचं चित्र काढून दाखवलं. चहा गार झाला, साडेचार वाजून गेले, कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. अखेर सात फळ्या बदलायच्या, कठडा नवा करायचा आणि पूल तसाच ठेवायचा असं ठरलं. बाईंनी माझ्यावरचा हात काढला. मी वाजले, आणि इतकी मोकळी त्याआधी कधी वाजले नव्हते.

दोन महिन्यांनी सून आली. या वेळी एकटी नव्हती. चाकांची खुर्ची ढकलत, सासऱ्यांना घेऊन नव्या फळ्यांवरून आली होती. बाकावरच्या माणसांनी बोलायचं नसतं, पण अध्यक्षांनी तिला बोलू दिलं.

"त्या दिवशी मी इथेच होते," ती म्हणाली. "तुम्ही सगळे एका आवाजात मंजूर म्हणालात, एकानेही नाही म्हटलं नाही. मी घरी जाऊन मामंजींना सांगितलं, गाव आपल्या पाठीशी आहे. तुमचे आभार मानायला आलोय."

सतराजणांनी एकदम कागदात डोकं खुपसलं. अध्यक्षांना नुसतं हसून मान डोलावता आली असती. कुणाला काही कळलं नसतं. पण ते खुर्ची मागे सारून उभे राहिले.

"बाई, त्या दिवशी आम्ही तुमचा पूल पाडायचं ठरवलं होतं," ते म्हणाले. "न ऐकता. चुकलंच आमचं. तो वाचला तो यांच्यामुळे." आणि त्यांनी लेखनिक बाईंकडे हात केला.

सून बघत राहिली. खिडकीशी झालेलं बोलणं तिला आठवलं असावं, कारण तिचे डोळे भरून आले. पण आधी हलले ते सासरे. त्यांनी डावा हात उचलला. मग उजवा उचलायला लागले. तो वर येईना, मध्येच अडकला, थरथरला. सून मदतीला वाकली तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. लेखनिक बाईंच्या दिशेने दोन्ही हात जोडायला त्यांना खूप वेळ लागला. तोवर सभागृहात कोणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. हात जुळले तेव्हा बाईंनी वही मिटली आणि तोंडाला पदर लावला.

आता माझं वय झालंय. कळ थोडी सैल झाली आहे, आवाजही जाडसर येतो. नव्या यंत्रांच्या गोष्टी कानावर येतात. आली तर येवोत, माझी तक्रार नाही. हल्ली अध्यक्ष विषय पूर्ण वाचतात आणि "कोणाला काही बोलायचंय?" असं विचारून मगच मला हात लावतात. सभा पाच-सव्वापाचपर्यंत चालते. शिपाई मामा कुरकुरतात, पण शनिवारचं लिंबू चुकवत नाहीत.

तुम्हीही कुठे ना कुठे 'मंजूर' म्हणत असालच. म्हणा, जरूर म्हणा, फक्त आधी पूर्ण ऐकून घ्या, एवढं या म्हातारीचं मागणं. मला आजवर किती हातांनी वाजवलं, त्याची गणती नाही. त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. आणि सगळ्यात जास्त ऋणी आहे त्या एका हाताची, ज्याने मला वाजू दिलं नाही.